प्रवासात अनोळखी सहप्रवाशाशी आपल्या श्रद्धेविषयी कसे बोलावे: सीमाभागातील माळकऱ्यांसाठी

गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी बुक्का असलेला माणूस निपाणी, संकेश्वर किंवा खानापूरच्या गाडीत बसला की शेजारचा प्रवासी कधी ना कधी विचारतोच, "माळकरी का तुम्ही?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, किती द्यावे आणि कुठे थांबावे, हे कीर्तनात कुणी शिकवत नाही. काहीजण लाजून विषय बदलतात, तर काहीजण पुढच्या थांब्यापर्यंत समोरच्याला बोलूच देत नाहीत. दोन्हींत नुकसान आहे, कारण ज्या गोष्टीवर आपले आयुष्य उभे आहे ती लपवणे जितके अयोग्य, तितकेच ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधणेही अयोग्य.

मी स्वतः वारकरी आहे आणि बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, मिरज या टापूत माझे सतत येणे-जाणे असते. पुढे लिहिले आहे ते वारकऱ्याच्या नजरेतून आहे. परंतु लिंगायत, जैन, ख्रिस्ती, मुसलमान अशा कोणत्याही श्रद्धावंताला त्यातील बहुतेक भाग लागू पडेल. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: प्रवासात शेजारी बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. कीर्तनाला आलेला श्रोता कंटाळला तर मागच्या मागे निघून जातो; खिडकीजवळ बसलेल्या आणि आपल्यामुळे वाट अडलेल्या प्रवाशाला ती सोय नसते. म्हणून बोलण्याआधी त्याला गप्प राहण्याची आणि नको म्हणण्याची वाट आपणच मोकळी करून द्यायची असते.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिली तयारी मनाची. आपण का बोलणार आहोत, हे स्वतःला विचारावे. आपल्याला जे सुख लाभले ते कुणाला तरी सांगावेसे वाटते, एवढाच हेतू असेल तर बोलणे सहज येते. समोरच्याला हरवायचे असेल, आपल्या संप्रदायाची संख्या वाढवायची असेल किंवा आपण किती धार्मिक आहोत हे दाखवायचे असेल, तर त्या दिवशी मुकाट्याने नामस्मरण करत प्रवास करणे अधिक चांगले.

दुसरी तयारी सांगण्याची. आपली हकिकत पाच मिनिटांत सांगता आली पाहिजे. माळ कुणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत घातली, त्यानंतर रोजच्या जगण्यात नेमके काय बदलले आणि आजही कोणती गोष्ट जमत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे घरी एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. तिसरे उत्तर बहुतेकजण गाळतात, आणि नेमके तेच ऐकणाऱ्याला विश्वासाचे वाटते. एकादशी घडते, पण राग आवरत नाही, असे सांगणाऱ्या माणसाजवळ दुसरा माणूस आपलेही मन मोकळे करतो.

सामान फार लागत नाही. हरिपाठाची आपली एक प्रत पिशवीत असावी. वाटण्यासाठी पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन चढू नये. रेल्वेत परवान्याशिवाय वस्तू विकणे किंवा पैसे मागत फिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४४ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे ग्रंथविक्री किंवा मठासाठी वर्गणी गाडीत करूच नये. बसमध्येही हाच नियम स्वतःला घालून घ्यावा.

दिवस पाहूनही निघावे. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस असतो. त्या दिवशी कोणतेही बोलणे भाषेच्या वादाकडे वळायला वेळ लागत नाही, म्हणून अनोळखी माणसाशी श्रद्धेचा विषय काढू नये. गावात तणाव असेल, मिरवणुकीवरून काही घडले असेल, तेव्हाही थांबावे.

शेजारी कोण आहे, हे ओळखण्यासाठी

या भागात एका बाकावर तीन परंपरा सहज बसलेल्या असतात. बेळगावच्या एका किल्ल्यात इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट राजांच्या काळात उभारलेली कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, साफा मशीद आहे, दुर्गादेवीचे मंदिर आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. चिंचलीच्या मायाक्काला जाणारे धनगर, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या बायका, जोतिबाला "चांगभलं" म्हणत निघालेली मंडळी, गोव्याकडून आलेले कॅथलिक कुटुंब, हे सगळे एकाच गाडीत भेटतात. म्हणून शेजाऱ्याविषयी आधीच काही ठरवून टाकू नये. कपाळावरील भस्म, गळ्यातील क्रूस किंवा डोक्यावरील टोपी पाहून माणसाचे घर कळते, मन कळत नाही.

पहिली दहा मिनिटे केवळ प्रवासाचे बोलावे. कानात इअरफोन, डोळे मिटलेले, हातात परीक्षेचे पुस्तक किंवा फोनवर दवाखान्याचे बोलणे चालू असेल, तर विषय संपला. सकाळच्या पहिल्या गाडीला कामावर जाणारी माणसे झोप पुरी करत असतात. त्यांना उठवून परमार्थ सांगू नये. त्या मानाने मिरज ते लोंढा या मार्गावरील रेल्वे बरी. कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड अशी स्थानके मागे पडत जातात, माणसे डबा उघडतात, एकमेकांना जागा करून देतात आणि बोलणे आपोआप सुरू होते.

भाषेची काळजी विशेष घ्यावी. समोरचा कन्नड बोलणारा असेल, तर आपली कन्नड मोडकीतोडकी असली तरी सुरुवात तिच्यातच करावी. "नमस्कार री, याव ऊर् री?" (कोणतं गाव तुमचं?) एवढे विचारले तरी चेहरा खुलतो. त्यानंतर तो स्वतःच मराठीत बोलू लागतो, कारण या पट्ट्यात बहुतेकांना दोन्ही भाषा कळतात. त्याने कन्नडच चालू ठेवली तर आपण हळू आणि सोप्या मराठीत बोलावे. विठ्ठल दोन्ही भाषांचा आहे, हे येथे पटवून देण्याची गरज पडत नाही: ज्ञानेश्वरांनीच त्याला कानडा म्हटले आहे, आणि संतकवी पुरंदरदासांच्या कन्नड पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही नाममुद्रा येते. कन्नड घरात वाढलेल्या माणसाला पुरंदरदास ठाऊक असतातच. त्यांच्या एखाद्या पदाविषयी विचारले तर तोच सांगणारा होतो आणि आपण ऐकणारे, आणि सुरुवात अशी झालेली उत्तम.

संबोधनात ढिलाई नको. वयस्कर बाईला मावशी किंवा अक्का, पुरुषाला मामा, काका किंवा अण्णा, आणि क्रियापद नेहमी आदरार्थी. वारकरी सर्वांना "माऊली" म्हणतात, परंतु संप्रदायाबाहेरच्या माणसाला ते पहिल्याच वाक्यात म्हटले तर तो गोंधळतो.

एक नियम मी फार कडक मानते. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईशी अनोळखी पुरुषाने श्रद्धेचा विषय स्वतःहून काढू नये. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि यात्रेला, माहेराला, बाजाराला एकट्या निघणाऱ्या बायका वाढल्या. त्यांच्या दृष्टीने शेजारचा बोलका पुरुष कीर्तनकार आहे की आणखी कुणी, हे कळायला मार्ग नसतो. त्याचप्रमाणे आईवडील जवळ नसताना लहान मुलाला देवाधर्माचे काही सांगू नये, त्याच्या हातात पुस्तक देऊ नये.

दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहणे

सगळ्या मार्गदर्शनातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. कुणी विचारले, "माळकरी का?" तर उत्तर एका वाक्यात द्यावे आणि थांबावे. "होय, पंढरीची वारी करतो," इतकेच. विचारणाऱ्याला तेवढेच हवे असेल, तर तो "बरं आहे" म्हणून खिडकीबाहेर पाहू लागेल आणि आपलेही कर्तव्य तेथे पूर्ण होईल. त्याला खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर दुसरा प्रश्न येतोच: "मग मटण-मासे अजिबात चालत नाही?" किंवा "माळ कधी घातली?" पहिला प्रश्न पुष्कळदा निव्वळ ओळखीचा असतो, दुसरा मात्र मनातून आलेला असतो. त्या दुसऱ्या प्रश्नानंतरच आपली हकिकत सांगावी.

सांगताना "मी" आणि "आम्ही" म्हणावे, "तुम्ही" टाळावे. "माळ घातल्यावर आमच्या घरातील दारू बंद झाली," हे सांगणे आपल्या अधिकारातील आहे. "तुम्हीही माळ घाला म्हणजे सगळे ठीक होईल," हे नाही. आजार बरा झाला, मूल झाले, नोकरी लागली, अशा गोष्टी श्रद्धेचे फळ म्हणून अनोळखी माणसापुढे ठेवू नयेत. तो कदाचित त्याच दुःखातून जात असतो, आणि आपले एक वाक्य ऐकून उपचार सोडून नवस धरतो. त्याऐवजी रोजचे तपशील सांगावेत: एकादशीला काय खातात, हरिपाठ कोणत्या वेळी म्हणतात, दिंडीत रात्री मुक्काम कुठे पडतो, पाय सुजल्यावर काय करतात. अशा साध्या तपशिलांतून वारी दिसते. मोठ्या शब्दांतून दिसत नाही.

लपवाछपवी करू नये. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, तेव्हा ते कुणाच्याच ओळखीचे नव्हते. प्रथम भाटे वकिलांकडे आणि नंतर हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे उतरले. संन्याशाने जेवणानंतर पान-तंबाखू मागावी, याचे भाटे यांच्या घरच्यांना आश्चर्य वाटले. स्वामींनी ती सवय झाकली नाही, आपल्याला ती आहे आणि अजून सुटलेली नाही असे सरळ सांगितले. हरिपद मित्र आरंभी संन्याशांविषयी साशंक होते. पुढे ते आणि त्यांची पत्नी स्वामींचे शिष्य झाले. या घटनेत मला धडा दिसतो तो त्या मोकळेपणाचा: अनोळखी माणूस आपली शिकवण नंतर तोलतो, आधी आपला खरेपणा तोलतो.

पाच मिनिटे झाली की थांबून विचारावे, "तुमच्याकडे कसं असतं?" आणि मग खरोखर ऐकावे, मनात पुढचे उत्तर जुळवत बसू नये. समोरचा जितका वेळ बोलला त्याहून जास्त वेळ आपण बोललो असू, तर तोल बिघडला आहे असे समजावे.

अवघड प्रश्न आणि अवघड प्रसंग

जातीचा प्रश्न हमखास येतो, आणि तो यावाच. "तुमचा विठोबा सर्वांचा, मग चोखोबा बाहेर का?" असे कुणी विचारले, तर सारवासारव करू नये. चोखामेळ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि विठ्ठलमंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले, हे स्वच्छ शब्दांत मान्य करावे. त्यानंतर आपल्या गावच्या दिंडीत आज पंगत कशी बसते, वीणा कुणाच्या गळ्यात असते, हे खरे असेल तसेच सांगावे. तेथे भेदभाव उरला असेल तर तेही सांगावे. विचारणाऱ्याने तो अपमान स्वतः सोसलेला असण्याची शक्यता असते आणि त्याच्यापुढे अभंगांची अवतरणे देत बसणे निष्ठुरपणाचे आहे.

लिंगायत सहप्रवाशाशी बोलताना त्यांच्या देहावरील इष्टलिंगाचा आदर राखावा, ते दाखवा असे कधीही म्हणू नये. बसवण्णांचे (बसवेश्वरांचे) मंगळवेढ्याशी असलेले नाते हा दोन्ही बाजूंना जवळचा विषय आहे. त्याच मंगळवेढ्यात चोखामेळे राहत होते आणि तेथेच गावकुसाचे काम चालू असताना त्यांचा अंत झाला. "दोन्ही संत परंपरा एकच आहेत," असे मात्र घाईने म्हणू नये. बसवण्णांनी देवळाच्या देवापेक्षा वेगळी वाट दाखवली, असे मानणाऱ्या शरणाला, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायाला, ती बरोबरी खटकते, आणि त्याचे खटकणे योग्य आहे.

मुसलमान किंवा ख्रिस्ती सहप्रवाशाशी बोलताना त्यांच्या धर्मातील जे आपण ऐकलेले असते ते त्यांच्यावर तपासून पाहण्याचा मोह आवरावा. "तुमच्यात असं का करतात?" हा प्रश्न साधा वाटला तरी त्याला तो उलटतपासणीसारखा लागतो. देव न मानणाऱ्याशी बोलताना देव आहे हे सिद्ध करण्याच्या फंदात पडू नये. वारीत चालताना आपल्याला काय वाटते एवढे सांगावे आणि तो कशाच्या बळावर अडचणीत टिकून राहतो, हे त्याला विचारावे.

यल्लम्माच्या भक्तांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे माळकरी मंडळी सर्वांत जास्त चुकतात. देवीला जाणारी बाई दिसली की कुणीतरी देवदासींचा विषय काढतो आणि तिला उपदेश करू लागतो. देवदासी म्हणून मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली आणि ती प्रथा वाईट आहे यात शंका नाही. परंतु शेजारी बसलेली बाई त्या प्रथेची प्रतिनिधी नसते. ती आईच्या दर्शनाला निघालेली भक्त असते. बैलहोंगलच्या गाडीत एकदा माझ्या शेजारच्या मावशींच्या मांडीवर परडी होती, कडेने हळद माखलेली, आत कवड्यांची माळ आणि फडक्यात बांधलेला भंडारा. गाडी खड्ड्यातून गेली की त्या दोन्ही हातांनी परडी उचलून धरत. माझी माळ पाहून त्यांनी पंढरपूरचे विचारले, मी सौंदत्तीचे विचारले. उतरण्याआधी त्यांनी माझ्या कपाळी भंडारा लावला. बुक्का लावू का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज नको गं बाई, आज फकस्त आईचा." मी डबी परत पिशवीत ठेवली. त्यांनी नको म्हटले म्हणून त्या बोलण्यात काहीच उणे राहिले नाही, आणि विचारल्याशिवाय मी बोट पुढे केले असते तर ते उणे राहिले असते.

कायदा काय सांगतो

राज्यघटनेच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा त्याला आहेत. प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. कर्नाटकाने २०२२ मध्ये धर्मांतराविषयी कायदा केला आणि जून २०२३ मध्ये तो मागे घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. धर्मप्रसाराचे काम नियमित करणाऱ्यांनी त्याची चालू स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कुणाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणारे शब्द उच्चारणे कलम ३०२ खाली गुन्हा आहे. आपली श्रद्धा सांगताना कायद्याची अडचण सहसा येत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला नावे ठेवली, आमिष दाखवले किंवा भीती घातली की ती येते. सहप्रवाशाच्या परवानगीशिवाय संभाषणाचे चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

वाद पेटू लागला तर

आवाज वाढला, मागच्या बाकावरील तिसराच माणूस मध्ये पडला किंवा बोलणे "तुमचे लोक" आणि "आमचे लोक" यावर आले, की लगेच थांबावे. "मामा, माझं बोलणं तुम्हाला लागलं असेल तर राहू दे," एवढे म्हणून हात जोडावेत. शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट सोडावा. तरीही समोरचा शांत होत नसेल तर कंडक्टरला सांगून जागा बदलावी. रेल्वेत १३९ या क्रमांकावर मदत मागता येते. जवळची मंडळी आपल्या बाजूने बोलू लागली तर त्यांनाही थांबवावे, कारण गाडीत एकट्या पडलेल्या माणसाविरुद्ध गर्दी उभी करणे हा आपला विजय नव्हे.

प्रसाद, आणि उतरण्याची वेळ

अनोळखी माणसाकडून खाणे घेऊ नये, असे रेल्वे सतत बजावते, आणि लोक ते पाळतात. म्हणून प्रसाद पुढे करताना आधी विचारावे, आपण स्वतः त्यातला कण तोंडात टाकावा आणि "नको" म्हटल्यावर पुन्हा आग्रह करू नये. जैन प्रवासी सूर्यास्तानंतर खात नसेल, रमजानचे दिवस असतील, एखाद्याला साखर चालत नसेल. साखरफुटाणे कागदात बांधून देणे सोयीचे असते, म्हणजे ज्याला हवे तो घरी नेतो.

आपला थांबा येण्याच्या थोडे आधीच विषय आवरता घ्यावा. समोरच्याचा फोन क्रमांक मागू नये. त्याने मागितला तर आपला द्यावा आणि नंतर रोज सकाळी त्याला अभंग पाठवत बसू नये. "गावात सप्ताह असतो, कधी आलात तर या," एवढे आमंत्रण पुरे. वारीला येतो असे तो म्हणाला, तर खरी माहिती द्यावी: किती दिवस चालावे लागते, बेळगावहून रेल्वेने गेल्यास बहुधा मिरजेला गाडी बदलावी लागते, कार्तिकी एकादशीला पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते, मधुमेह किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. माळ घालण्याविषयी विचारले, तर गाडीतच पिशवीतून माळ काढून देऊ नये. माळ वारकऱ्यांच्या फडावर किंवा गुरूंच्या हातून, नियम समजून घेऊन घातली जाते. तोपर्यंत त्याने घरच्यांशी बोलावे, एखाद्या एकादशीला जवळच्या गावी भजनाला येऊन बसावे आणि मग ठरवावे, असे सांगून त्या गावाचे नाव आणि भजनाची वेळ कागदावर लिहून द्यावी.